‘संशोधन सांगते’ : कोणते, कितीजणांवरचे आणि पुन्हा कुणी करून पाहिले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात आठवड्यातून दोन-तीनदा तरी ‘एका संशोधनातून समोर आले आहे’ अशी बातमी असते. कधी मुलांच्या शिस्तीविषयी, कधी एकटेपणाविषयी, कधी मतदारांच्या मनाविषयी, तर कधी एखाद्या प्राचीन लेखाविषयी. विषय चांगले असतात, लोक आवडीने वाचतात. तक्रार एवढीच की बातमी वाचून झाल्यावर ते संशोधन कितीजणांवर केले, ते लोक कोण होते, फरक नेमका किती पडला आणि दुसऱ्या कुणी ते करून पाहिले का, यातले काहीच हाती लागत नाही. औषधाच्या बातमीत निदान ‘प्रयोग उंदरांवर झाला’ एवढे तरी असते. समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास यांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. या चार गोष्टी सांगायला चाळीस शब्द पुरतात. ते का खर्चावेत, हे सांगताना पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागली तर उदाहरणे मात्र ठेवा.

सुरुवात ‘पुन्हा करून पाहिले का’ यापासून करतो, कारण गेल्या दहा-बारा वर्षांत या ज्ञानशाखांमध्ये सर्वांत मोठी उलथापालथ याच प्रश्नाने घडवली. मानसशास्त्राच्या तीन प्रतिष्ठित नियतकालिकांत 2008 साली छापून आलेले 100 अभ्यास निरनिराळ्या गटांनी नव्याने करून पाहिले आणि 2015 मध्ये निकाल प्रसिद्ध केला. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांनी ‘फरक सापडला’ म्हटले होते. नव्याने केल्यावर तसे म्हणता आले ते 36 टक्क्यांत. सगळे अभ्यास मिळून पाहिले तर नव्याने दिसलेला फरक सरासरीने मूळच्या निम्म्याच्या आसपास होता. पुढे 2018 मध्ये ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोन नियतकालिकांतले सामाजिक शास्त्रांचे 21 प्रयोग तपासले गेले. 13 टिकले, 8 ढासळले. म्हणजे सगळेच खोटे होते असे नव्हे, आणि नावाजलेल्या ठिकाणी छापले म्हणून खरे, असेही नव्हे. पहिल्या अभ्यासाची बातमी पहिल्या पानावर आणि पडताळणीची कुठेच नाही, असे झाले की वाचकाच्या डोक्यात कायमचे बसते ते पहिलेच.

इच्छाशक्ती ही वापरून संपणारी गोष्ट आहे, सकाळी मोह आवरला तर दुपारी तो आवरत नाही, हा निष्कर्ष 1998 पासून गाजत होता. 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी 2,000 हून अधिक लोकांवर एकाच पद्धतीने तो तपासला आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला. समोरचा गोड पदार्थ न खाता थांबलेली मुले पुढे आयुष्यात यशस्वी होतात, हे तर पालकांच्या प्रत्येक पुरवणीत येऊन गेले असेल. मूळ प्रयोगातली मुले एका अमेरिकन विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीतली होती. 2018 मध्ये 918 मुलांच्या नोंदी घेऊन तेच तपासले, तेव्हा बालपणीचे थांबणे आणि पंधराव्या वर्षीचे शैक्षणिक यश यांतला संबंध मूळच्या सुमारे निम्मा निघाला. घरची परिस्थिती, आईचे शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश गळून गेला. पालकांना आजही पहिलीच गोष्ट सांगितली जाते.

हे असे का होते? लबाडी हे एक कारण आहेच. नेदरलँड्समधल्या एका सामाजिक मानसशास्त्रज्ञाने आकडे चक्क बनवल्याचे 2011 मध्ये उघड झाले आणि त्याचे पन्नासहून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले. पण लबाडी हा या प्रकरणाचा लहान भाग. मोठा भाग प्रामाणिक माणसांच्या हातून घडतो.

‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय’ हा शब्दप्रयोग घ्या. बातमीत तो ‘मोठा’ किंवा ‘सिद्ध’ या अर्थाने येतो. त्याचा खरा अर्थ बराच किरकोळ आहे: मुळात काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी. आता समजा, संशोधकाने एकाच गटाला वीस निरनिराळे, एकमेकांशी संबंध नसलेले प्रश्न विचारले आणि प्रत्यक्षात एकाही बाबतीत फरक नाही. तरी त्या विसांपैकी निदान एका ठिकाणी ‘लक्षणीय’ फरक दिसण्याची शक्यता किती? वीस वेळा 0.95 मांडून त्यांचा एकमेकांशी गुणाकार करा आणि तो 1 मधून वजा करा: 64 टक्के. मग शोधनिबंध त्या एका प्रश्नावर लिहिला जातो आणि उरलेले एकोणीस ड्रॉवरमध्ये राहतात. यात कुणी खोटे बोललेले नसते. फक्त किती वेळा जाळे टाकले ते सांगितलेले नसते.

ड्रॉवरचे हे प्रमाण मोजलेही गेले आहे. अमेरिकेत सर्वेक्षण-प्रयोगांना एका सामाईक योजनेतून मदत मिळते, त्यामुळे सुरू झालेल्या प्रत्येक प्रयोगाची नोंद तिथे असते. अशा 221 प्रयोगांचा माग काढला तेव्हा 2014 मध्ये दिसले की ठळक निकाल आलेल्या अभ्यासांची छापून येण्याची शक्यता ‘काहीच सापडले नाही’ वाल्यांपेक्षा 40 टक्के-बिंदूंनी (म्हणजे दोन टक्केवाऱ्यांची थेट वजाबाकी केली तर 40 ने) जास्त होती. आणि नुसते लिहून काढले जाण्याची तर 60 नी. संपादक नाकारतात म्हणून नव्हे, तर संशोधक स्वतःच लिहायला बसत नाहीत. यावरचा उपाय म्हणजे पूर्वनोंदणी: माहिती गोळा करण्याआधीच प्रश्न, नमुना (म्हणजे पाहणीसाठी निवडायचे लोक) आणि विश्लेषणाची पद्धत तारखेसह नोंदवून ठेवायची. काही नियतकालिके तर या आराखड्यावरच निबंध स्वीकारतात, निकाल काहीही येवो. मानसशास्त्रातल्या अशा निबंधांची नेहमीच्या निबंधांशी तुलना 2021 मध्ये झाली. नेहमीच्या निबंधांत मूळ अंदाज 96 टक्के वेळा खरा ठरलेला, आधी स्वीकारलेल्यांत 44 टक्के वेळा. आमच्या मते या सगळ्या चर्चेतली हीच सर्वांत बोलकी जोडी आहे. बातमी लिहिणाऱ्याने निबंधात पूर्वनोंदणीचा दुवा आहे का, एवढे पाहिले तरी निम्मे काम झाले.

आता ‘फरक किती’. ‘धोका 50 टक्क्यांनी वाढतो’ या वाक्यात हजारात दोघांचे हजारात तिघे झालेले असू शकतात. मूळ प्रमाण दिल्याशिवाय टक्केवारीतली वाढ छापूच नये. सामाजिक शास्त्रांत आणखी एक माप वापरतात, गटांतला फरक प्रमाण विचलनाच्या पटीत (प्रमाण विचलन म्हणजे एकाच गटातली माणसे सरासरीपासून साधारण किती विखुरलेली असतात त्याचे माप). 0.2 हा तिथला ‘लहान’ परिणाम. याचा साधा अर्थ: दोन्ही गटांतला एकेक माणूस डोळे मिटून निवडला, तर वरचढ गटातला माणूस वरचढ निघण्याची वेळ शंभरात 56 वेळा येते. नाणेफेकीत ती 50 वेळा येते. त्यामुळे ‘अमुक लोक तमुक लोकांपेक्षा संवेदनशील’ अशा मथळ्याखाली बहुधा हे 56 विरुद्ध 44 दडलेले असते.

फरक लहान असला तर तो टाकाऊ, असेही समजू नये. अमेरिकेतल्या 65 शाळांमध्ये नववीच्या मुलांना ‘बुद्धी सरावाने वाढते’ हे सांगणारा, तासाभराहूनही कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिला गेला. मागे पडलेल्या मुलांच्या श्रेणीगुणांत 0.1 ची वाढ झाली. श्रेणीगुण साधारण शून्य ते चारच्या मोजपट्टीवर असतात, म्हणजे वाढ चिमूटभर. पण शाळा देशभरातून यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडलेल्या, आराखडा आधी नोंदवलेला आणि खर्च नगण्य. 2019 चा हा अभ्यास आम्ही वर्गात नेहमी चांगले उदाहरण म्हणून दाखवतो. बातम्यांत मात्र त्याचे ‘विचार बदला, नशीब बदला’ झाले.

उलट टोकाला लोकांना हळूच योग्य दिशेला वळवणाऱ्या सरकारी युक्त्या, म्हणजे पत्रातली भाषा बदलणे, फॉर्म सोपा करणे वगैरे. नियतकालिकांत छापलेल्या अशा प्रयोगांत सरासरी 8.7 टक्के-बिंदूंचा फरक दिसत होता. अमेरिकेतल्या दोन मोठ्या कार्यगटांनी प्रत्यक्षात राबवलेले सगळे, छापलेले-न छापलेले, 126 प्रयोग एकत्र केले तेव्हा तो 1.4 निघाला. पुन्हा तेच: ड्रॉवर उघडला की आकडा उतरतो.

‘ते लोक कोण होते’ याबद्दल फार बोलायला नको, पण दोन आकडे द्यावेच लागतील. 2003 ते 2007 दरम्यान मानसशास्त्राच्या सहा आघाडीच्या अमेरिकन नियतकालिकांत ज्यांच्यावर संशोधन झाले, त्यांपैकी 96 टक्के नमुने पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते. जगाची 12 टक्के वस्ती तिथे राहते. ‘माणसे अशी वागतात’ या वाक्यातला ‘माणसे’ हा शब्द बहुतेक वेळा मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी या अर्थाने वाचावा.

दुसरी गोष्ट ऑनलाइन सर्वेक्षणांची. नमुना यादृच्छिक निवडला असेल तर 1,000 उत्तरांवर साधारण तीन टक्क्यांची तफावत मागेपुढे धरतात. त्यातल्या 100 तरुणांचे वेगळे मत काढले की तीच तफावत दहावर जाते. हे गणित फक्त यादृच्छिक नमुन्याचे. ‘लिंक उघडा, उत्तरे द्या, मोबदला मिळवा’ अशा सर्वेक्षणाला ते लागूच होत नाही. अमेरिकेच्या प्यू रिसर्च सेंटर या जनमत-संशोधन संस्थेने अशाच एका स्वेच्छा-सर्वेक्षणात मुद्दाम विचारले: तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना आहे का? तिशीच्या आतल्या 12 टक्क्यांनी ‘हो’ म्हटले. हसण्यावारी नेऊ नका. याच पद्धतीच्या पाहणीतून ‘पाचातला एक अमेरिकन तरुण ज्यूंचा वंशसंहार थोतांड मानतो’ ही बातमी जगभर गेली होती. प्यूने 2024 मध्ये तोच प्रश्न पत्त्यांच्या यादीतून यादृच्छिक निवडलेल्या लोकांना विचारला. तिशीच्या आतले 3 टक्के निघाले. सटासट ‘हो’ दाबत सुटणाऱ्यांमुळे दुर्मीळ आणि धक्कादायक मते नेहमी फुगतात. म्हणून बातमी जेवढी धक्कादायक, तेवढी नमुन्याची चौकशी जास्त.

समजा नमुना चोख आहे, पूर्वनोंदणीही आहे. तरी विश्लेषण करणाऱ्याचा हात उरतोच. 29 गटांना एकच फाइल दिली गेली: 2,053 फुटबॉलपटू, त्यांचे सामने, पंचांनी दाखवलेली लाल कार्डे. प्रश्नही एकच: गडद वर्णाच्या खेळाडूंना लाल कार्ड जास्त मिळते का? 20 गटांनी ‘हो, लक्षणीय’ म्हटले, नऊ गटांना तसे म्हणता आले नाही. गडद वर्णाच्या खेळाडूंना लाल कार्ड मिळण्याची शक्यता इतरांच्या किती पट, याचे अंदाजित गुणोत्तर 0.89 पासून 2.93 पर्यंत पसरले. 1 म्हणजे भेद नाही, हे लक्षात घेता एका टोकाला ‘किंचित उलटे’ आणि दुसऱ्या टोकाला ‘जवळजवळ तिप्पट’. कुणीही चूक केली नव्हती. खेळाडूची जागा हिशेबात धरायची का, लीग धरायची का, एकाच पंचाचे अनेक निर्णय कसे मोजायचे, एवढ्या निर्णयांत गट वेगळे पडले. हा निकाल 2018 मध्ये आला. आपण छापतो ती बातमी या 29 पैकी एका गटाची असते, बाकीचे 28 कधी अस्तित्वातच आलेले नसतात.

चूक झाली तर ती कशी दिसते, तेही पाहण्यासारखे आहे. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांवर गेले की विकासदर कोसळतो, असे सांगणारा अर्थशास्त्रातला एक निबंध 2010 मध्ये आला आणि काटकसरीच्या धोरणासाठी मंत्र्यांनी त्याचा हवाला दिला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातला गृहपाठ म्हणून तो निबंध पुन्हा करून पाहायचा होता. आकडे काही केल्या जुळेनात. लेखकांनी मूळ एक्सेल फाइल पाठवली. सरासरीचे सूत्र 30 ते 49 या ओळींऐवजी 30 ते 44 एवढ्याच ओळींवर लावलेले. देश इंग्रजी आद्याक्षरांच्या उलट्या क्रमाने होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क बाहेर राहिले. गाजली ती ही चूक, पण तिचा वाटा लहान होता. न्यूझीलंडची काही वर्षे गाळली होती आणि उरलेल्या एका वर्षाच्या उणे 7.6 टक्क्यांना ब्रिटनच्या 19 वर्षांच्या सरासरीइतकेच वजन दिले होते. सगळे दुरुस्त केल्यावर, 2013 मध्ये, उणे 0.1 टक्क्याचा दर अधिक 2.2 टक्के झाला. कर्ज जास्त असताना विकास मंदावतो, या आपल्या मूळ म्हणण्यावर लेखक ठाम राहिले, सूत्राची चूक मात्र त्यांनी मान्य केली. फाइल मागितल्यावर दिली, म्हणून हे कळले. डेटा खुला आहे का, हा बातमीत विचारायचा प्रश्न आहे तो याचसाठी.

मानव्यशास्त्रांत पी-मूल्य (वर सांगितलेली योगायोगाची शक्यता), नमुना वगैरे नसते म्हणून तिथे सुटका आहे असे वाटत असेल तर तसे नाही. तिथले खड्डे वेगळे असतात, इतकेच. आधी समाज मोठे झाले आणि मग नीती-अनीती पाहणारे देव आले, असा दावा जगभरच्या इतिहासाच्या माहितीसंचावरून 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. माहितीसंचात असंख्य रकाने रिकामे होते: त्या काळात तिथे असे देव होते की नव्हते, हे ठाऊकच नाही. विश्लेषणात त्या रिकाम्या जागी ‘नव्हते’ धरले गेले. लेखन बहुधा समाज मोठा झाल्यावर येते, त्यामुळे त्याआधीचे देव नोंदलेच जात नाहीत. मग देव नंतर आले असे दिसणारच. 2021 मध्ये निबंध मागे घेतला गेला. ‘नोंद नाही’ आणि ‘नव्हते’ यांतला फरक इतिहासाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, पण संगणकाच्या रकान्यात दोन्ही शून्यच दिसतात.

लाखो स्कॅन केलेल्या पुस्तकांतून शब्दांचे आलेख काढणाऱ्या संशोधनाचेही असेच. जुन्या इंग्रजी छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो आणि मग 1800 च्या सुमारास काही शब्द एकाएकी जन्मल्यासारखे दिसतात. आपल्याकडे जुन्या वळणाच्या ‘ख’मुळे ‘खाना’चे ‘रवाना’ होई, ही थट्टा जुनीच आहे. यंत्र ती गंभीरपणे करते. शिवाय अशा संग्रहात हजारो प्रती खपलेली कादंबरी आणि कुणीही न उघडलेला अहवाल, दोन्ही एकेकदाच मोजले जातात. विसाव्या शतकात वैज्ञानिक ग्रंथांचा वाटा वाढत गेला, त्यामुळे ‘आकृती’सारखा शब्द वाढला तो समाज आकृत्यांच्या प्रेमात पडला म्हणून नव्हे.

प्राचीन लेखांच्या बातम्यांसाठी एक छोटी, पण महत्त्वाची गोष्ट. शिलालेख किंवा पपायरस (प्राचीन काळी कागदासारखे वापरलेले, वनस्पतीपासून केलेले पान) संपादित करताना चौकोनी कंसात जी अक्षरे असतात ती मूळ लेखात नष्ट झालेली, संपादकाने भरलेली असतात. अक्षराखाली टिंब म्हणजे वाचन शंकास्पद. वृत्तपत्रात भाषांतर येते तेव्हा कंस आणि टिंबे गळतात आणि विद्वानाचा तर्क राजाच्या तोंडचा शब्द होतो. ग्रीक शिलालेखांतली गाळलेली अक्षरे भरणाऱ्या एका संगणकप्रणालीची चाचणी 2022 मध्ये छापून आली: एकट्या यंत्राचे उत्तर 62 टक्के वेळा बरोबर, एकट्या इतिहासकारांचे 25 टक्के, दोघांचे मिळून 72 टक्के. मथळे ‘यंत्राने इतिहासकारांना हरवले’ असे होते. खरी बातमी 72 या आकड्यात होती. आणि मिळूनही चारातले एक उत्तर चुकते, यात.

तसेच इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात कोळसा झालेल्या, हर्क्युलेनियम या प्राचीन गावातल्या पपायरसच्या गुंडाळीचे. ती न उलगडता क्ष-किरणांनी स्कॅन केली. 2023 मध्ये ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द दिसला आणि 2024 च्या फेब्रुवारीत तीन तरुणांना 7 लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. काम थक्क करणारेच आहे. पण यंत्राला ग्रीक येत नव्हते. त्याने फक्त शाई कुठे आहे ते दाखवले, वाचले ते पपायरसच्या जाणकारांनी, आणि तोवर वाचून झाला होता तो त्या गुंडाळीचा साधारण 5 टक्के भाग. ‘दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ वाचला’ असे तेव्हा छापणाऱ्यांनी उरलेले 95 टक्के स्वतःच वाचून टाकले.

आता प्रत्यक्ष काम. विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकावरून बातमी न करता मूळ निबंध उघडावा; सारांशाचे शेवटचे वाक्य सोडून पद्धतीचा भाग आणि पहिला तक्ता पाहावा. तिथे माणसांची संख्या, देश, वय सापडते. निकालात एकच आकडा न घेता त्याच्या कडेचे ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ घ्यावे. त्या पल्ल्याचे खालचे टोक शून्याला टेकले असेल तर मथळा सौम्य करावा. शेवटी ‘मर्यादा’ नावाचा परिच्छेद असतो, लेखकांनी स्वतः लिहिलेला. निम्म्याहून अधिक बातम्यांचे मथळे या एका परिच्छेदाने खोडले जातील अशी आमची खात्री आहे. निबंध अजून समीक्षकांकडे न गेलेला, म्हणजे प्रीप्रिंट असेल, तर ‘समीक्षा बाकी’ हे दोन शब्द पहिल्याच परिच्छेदात हवेत. त्याच विषयातल्या, पण त्या अभ्यासाशी संबंध नसलेल्या एका अभ्यासकाला फोन करून ‘तुम्हाला काय वाटते’ असे विचारू नये, त्यावर ‘महत्त्वाचे आहे’ हेच उत्तर येते. ‘हे चुकले असेल तर कुठे चुकले असेल’ असे विचारावे. आणि बातमीखाली निबंधाचा डीओआय क्रमांक (ज्यावरून इंटरनेटवर नेमका तोच निबंध सापडतो तो कायमचा ओळखक्रमांक) छापावा. छापील अंकात तो एका ओळीत मावतो.

निबंध मागे घेतला गेला किंवा पडताळणीत टिकला नाही, तर मूळ बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर दुरुस्ती यावी. संकेतस्थळावर जुन्या बातमीच्या डोक्यावर तारखेसह एक ओळ जोडावी, कारण लोक शोधून शोधून तीच जुनी बातमी एकमेकांना पाठवतात. आपल्या संग्रहात ‘इच्छाशक्ती’ आणि ‘गोड पदार्थ न खाणारी मुले’ हे शब्द टाकून पाहावेत. जे सापडेल त्यावर ही ओळ आधी जोडता येईल.

आपले,
संशोधनपद्धती शिकवणारे दोन नियमित वाचक